पाऊस मोजायला काय लागतं?

५ सप्टेंबर २०२२ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत बेंगळुरूमध्ये १३१ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता आणि बाहेरच्या रिंगरोडच्या परिसरातून माणसांना ट्रॅक्टरवर आणि होड्यांत बसवून बाहेर काढावं लागलं. त्यानंतर दीडच वर्षानं, २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, याच शहरातल्या असंख्य बोअरवेल आटल्या आणि जिल्हा प्रशासनाला टँकरचे दर बांधून द्यावे लागले. पाच किलोमीटरच्या आत बारा हजार लिटरला हजार रुपये, असा तो दर होता. पूर आणि टंचाई या दोन्ही बातम्या सातवीतल्या मुलांनी ऐकलेल्या असतात, पण त्यांचा एकमेकींशी संबंध काय हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर १३१ मिलिमीटर पाऊस म्हणजे सव्वापाच लाख लिटरहून जास्त पाणी, बारा हजार लिटरचे ४४ टँकर, आणि तेही एका दिवसात, एका एकरावर. फळ्यावर पाच ओळींत मांडता येणारं हे गणित आहे. ते मुलांना आपलं वाटायचं असेल तर त्यातला पावसाचा आकडा त्यांनी स्वतः मोजलेला हवा, आणि तो मोजायला प्लास्टिकची एक रिकामी बाटली पुरते.

साधनं नाहीत म्हणून परिसर विज्ञान प्रयोगांतून शिकवता येत नाही, ही आपल्याकडची सर्वमान्य तक्रार आहे. मला ती अर्धीच खरी वाटते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवताना जगाचा एक तुकडा वेगळा काढून काचेच्या भांड्यात आणावा लागतो, त्यासाठी प्रयोगशाळा लागते. परिसर विज्ञानाचा विषय शाळेच्या दाराबाहेर उभा असतो. पाऊस, माती, सावली, गटार, झाड, कचरा, विहीर यांतली कुठलीही गोष्ट खरेदी करावी लागत नाही. गरीब शाळेत खरी कमतरता असते ती उत्तर पुस्तकात नाही अशा प्रश्नाची, तेच निरीक्षण महिनोन्महिने करत राहण्याच्या सवयीची, आणि शिक्षकाला त्यासाठी मिळणाऱ्या मोकळ्या वेळेची. उपकरणांचा क्रमांक त्यानंतर लागतो. शासनानं आणि देणगीदारांनी हा क्रम उलटा लावल्यामुळे कपाटात किट आणि वहीत कोरी पानं अशी स्थिती अनेक शाळांत दिसते.

हा विषय शाळेत सक्तीचा झाला तो न्यायालयाच्या रेट्यानं. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचा निर्देश दिला. अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून २००३ मध्ये न्यायालयानं पुन्हा लक्ष घातलं आणि एनसीईआरटीला अभ्यासक्रम तयार करावा लागला. महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांना ‘परिसर अभ्यास’ आहे, कर्नाटकात त्याच धर्तीचं ‘परिसर अध्ययन’ आहे. पाठ्यपुस्तकं पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली झाली आहेत, त्यांत ‘करून पाहा’ चे चौकोनही आहेत. पण सक्तीच्या विषयाला सक्तीची परीक्षा आली, आणि परीक्षेत विचारायला सोपं काय, तर प्रदूषणाचे प्रकार, त्यांची कारणं आणि उपाय. प्रकल्प वहीसाठी स्टेशनरीच्या दुकानात छापील चित्रांचे तक्ते मिळतात. ते आणायचे, कापायचे, चिकटवायचे, खाली मजकूर उतरवायचा. मूल यात मेहनत करतं, पण त्याला एकही गोष्ट अशी कळत नाही जी तक्ता छापणाऱ्याला आधीच माहीत नव्हती.

बाटलीच्या पर्जन्यमापकाकडे जरा जवळून पाहू, कारण या विषयाची ताकद तिथे स्पष्ट दिसते. दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली घ्यायची. वरचा निमुळता भाग कापून, टोपण काढून, तो उलटा आत बसवायचा म्हणजे नरसाळं तयार होतं. आत गेलेलं पाणी उन्हानं लवकर उडत नाही. बाटलीचा तळ उंचसखल असतो, तिथून मोजलं तर आकडा चुकतो. म्हणून तळाशी खडे घालून, बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची. बाहेरून मोजपट्टी चिकटवायची. वाऱ्यानं पडू नये म्हणून बाटली मातीच्या कुंडीत रोवायची आणि भिंतीपासून, झाडापासून लांब, मोकळ्या जागी ठेवायची. हवामान खातं पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतं, शाळेनंही तेव्हाच किंवा रोज एका ठरावीक वेळी घ्यावी. नोंद झाली की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणायचं. एवढं झालं की वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, मोठ्या तोंडाचं भांडं ठेवलं तर जास्त पाऊस मोजला जाईल का? याचं उत्तर बाईंनी सांगू नये. एक सरळ बाजूंचा मोठा डबा आणि एक बादली बाटलीशेजारी ठेवावी. डब्यात पाणी कितीतरी जास्त साठतं, पण उंची बाटलीइतकीच भरते. बादलीत मात्र उंची जास्त येते. तिचं तोंड रुंद आणि तळ अरुंद असतो हे मुलं स्वतः शोधून काढतात. घनफळ, क्षेत्रफळ आणि उंची यांचा जो संबंध गणिताच्या तासाला सूत्र म्हणून पाठ केलेला असतो, तो इथे भिजलेल्या अंगणात उभा राहतो.

बेंगळुरूसाठी या आकड्याला आणखी एक मोल आहे. इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. उन्हाळ्यातल्या वळवासारखाच तो पुष्कळदा संध्याकाळी गडगडत येतो, एका भागाला झोडपतो आणि शेजारचा भाग कोरडा ठेवतो. म्हणजे यशवंतपूरच्या शाळेचा आकडा आणि जयनगरच्या शाळेचा आकडा एकाच दिवशी वेगळे असू शकतात, आणि त्यांपैकी कुठलाही पुस्तकात नसतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षभरात सुमारे लाखभर लिटर पाणी पडतं. काही वाहून, काही उडून जातं असं धरलं तरी सत्तर-ऐंशी हजार लिटर गोळा करता येतं. या शहराला पिण्याचं पाणी कावेरीतून, सुमारे शंभर किलोमीटरवरून, पंपांनी टप्प्याटप्प्यानं जवळजवळ पाचशे मीटर उंच चढवून आणावं लागतं. आपल्या शाळेच्या छपराचा हिशेब केलेल्या मुलांना त्या पंपांच्या विजेचा खर्च का मोजावा लागतो हे वेगळं समजवावं लागत नाही. बेंगळुरूत ठरावीक आकाराच्या इमारतींना पावसाचं पाणी साठवणं २००९ पासून बंधनकारक आहे. आपल्या इमारतीत ती सोय आहे का, आणि असेल तर पाइप कुठे फुटलाय, हा पुढचा प्रश्न मुलं आपसूक विचारतात.

ही कल्पना नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात ज्या देशांतल्या शाळा उद्ध्वस्त झाल्या, तिथल्या विज्ञान शिक्षकांसाठी युनेस्कोनं एक पुस्तिका काढली होती. तिच्यातूनच वाढत जाऊन १९५६ मध्ये विज्ञान शिक्षकांचं प्रसिद्ध स्रोतपुस्तक तयार झालं आणि ते जगभर वापरलं गेलं. आपल्याकडे त्याच सुमाराला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि आदिवासी मुलांसाठी बिया, शंख-शिंपले, पानं, खडे यांतून शिक्षणाची साधनं बनवू लागल्या. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत, म्हणून कुरणशाळा निघाली. माँटेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती, हे एक कारण होतंच. पण ताराबाईंचा विचार तेवढ्यावर थांबला नाही. मुलाच्या हाताला रोज लागणारी वस्तू हेच त्याच्यासाठी अधिक चांगलं साधन आहे, अशी त्यांची धारणा होती. पुढे पुण्याच्या आयुकातल्या बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी करून दाखवली आणि मराठी शिक्षकांच्या एका पिढीला काड्यापेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबकडे वेगळ्या नजरेनं पाहायला शिकवलं.

गुप्तांच्या कामाचं मूळ मात्र मध्य प्रदेशात आहे, आणि या विषयावर बोलताना तिथला अनुभव टाळून चालत नाही. १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांवर आधारलेलं विज्ञान सुरू केलं. १९७८ मध्ये ते सगळ्या जिल्ह्यात गेलं, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनं ते पुढे इतर जिल्ह्यांत नेलं. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरं नव्हती. मुलांनी प्रयोग करायचे, शेतात फिरायचं, वहीत लिहायचं. किट स्वस्त होतं, पण कार्यक्रम तीस वर्षं टिकला तो किटमुळे नाही. शिक्षकांची दीर्घ प्रशिक्षणं होती, दर महिन्याला बैठका होत्या, अडलेल्या शिक्षकाला विचारायला माणूस होता, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे परीक्षा बदलली होती. लेखी पेपर पुस्तक आणि वही समोर ठेवून सोडवायचा असे आणि प्रत्यक्ष प्रयोगाची वेगळी परीक्षा होती. ज्या शिक्षणात मूल मोजतं, त्याची परीक्षाही मोजण्याचीच घेतली जात होती. २००२ मध्ये राज्य सरकारनं हा कार्यक्रम बंद केला. त्या निर्णयामागे राजकारण होतं, निकालांची चर्चा होती, मुख्य अभ्यासक्रमाशी मेळ घालण्याचा आग्रह होता. मी त्यातून घेतो ते एवढंच, की अशा कामाचा कणा शिक्षक आणि परीक्षा हे दोन आहेत; ते मोडले की उरलेल्या परीक्षानळ्या कपाटात जातात.

आता बेंगळुरूतलंच एक उदाहरण, जे स्वस्त साधनांच्या विज्ञानाला कमी लेखणाऱ्यांनी पाहण्यासारखं आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी शहरातल्या रस्त्यांच्या काही पट्ट्यांवर झाडांच्या सावलीत आणि सावलीबाहेर तापमान मोजलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात झाडांखालच्या हवेचं तापमान ५.६ अंश सेल्सियसपर्यंत कमी आढळलं, आणि रस्त्याच्या पृष्ठभागाचं तापमान तर २७.५ अंशांपर्यंत कमी. संशोधकांची उपकरणं अर्थातच शाळेच्या थर्मामीटरपेक्षा अचूक होती, शिवाय त्यांनी हवेतले प्रदूषक घटकही तपासले. पण प्रश्नाची मांडणी पाहा: एकाच रस्त्यावर झाड असलेली जागा आणि नसलेली जागा, तीच वेळ, तेच मोजमाप. ही तुलना आठवीचा वर्ग अल्कोहोलच्या दोन थर्मामीटरवर करू शकतो. दुपारी बारा वाजता दोन सारखे डबे, सारखं पाणी, एक उन्हात आणि एक पर्जन्यवृक्षाखाली, अर्ध्या तासानं नोंद. पहिल्या दिवशी फरक चार अंश येईल, दुसऱ्या दिवशी ढग असले तर अर्धा. मुलं म्हणतील प्रयोग चुकला. तिथून खरा तास सुरू होतो: किती दिवस मोजलं म्हणजे विश्वास ठेवायचा, सरासरी कशासाठी काढायची, ढगाची नोंद वेगळ्या रकान्यात का करायची. रस्ता रुंद करताना झाडं तोडण्यावरून या शहरात गेली कित्येक वर्षं वाद चालू आहेत. त्या वादात उद्या जे नागरिक म्हणून उभे राहणार, त्यांनी झाडाची किंमत निदान एकदा अंशांत वाचलेली असावी.

बेंगळुरूच्या झाडांमध्ये शिकण्याची आणखी एक सोय कुणीतरी फार पूर्वी करून ठेवली आहे. १९०८ मध्ये लालबागेत आलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुम्बिगल यांनी रस्त्याकडेची झाडं अशी निवडली, की वर्षभर कुठली ना कुठली जात फुललेली असावी. वर्षाच्या सुरुवातीला गुलाबी टॅबेबुया, मार्चमध्ये जांभळा जॅकरांडा, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर. शहराच्या फुटपाथवर एक दिनदर्शिकाच लागलेली आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या आणि नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या पुढाकारानं दीड दशकापूर्वी सुरू झालेला ‘सीझनवॉच’ हा उपक्रम अशाच निरीक्षणांवर चालतो. एक झाड निवडायचं, दर आठवड्याला त्याच्याकडे जायचं आणि कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची-पिकली फळं यांपुढे ‘नाही’, ‘थोडं’, ‘खूप’ एवढंच लिहायचं. खर्च शून्य. केरळमधल्या शाळांनी यात सर्वांत मोठा वाटा उचलला आहे. तिथे विशूच्या सणाला बहाव्याची फुलं लागतात. झाडं सणाच्या कितीतरी आधी फुलून जातात का, हा तिथल्या मुलांसाठी घरातला प्रश्न आहे. आपल्याकडेही आंब्याला मोहोर कधी आला, पळस कधी फुलला, चिंचेला नवी पालवी कधी फुटली हे आजीला तोंडपाठ असतं. त्याची तारीखवार नोंद मात्र कुणाकडेच नसते. एका शाळेनं दहा वर्षं एकाच आंब्याची नोंद ठेवली, तर तिच्याकडे शास्त्रज्ञांनाही हवी असलेली वही तयार होईल.

पाण्याच्या बाबतीत तर बेंगळुरूच्या प्रत्येक घरात प्रयोगाचं साहित्य आहे. काही घरांत कावेरीचं पाणी येतं, काहींत बोअरवेलचं, काहींत टँकरचं. मुलांनी आपापल्या घरून एकेक बाटली आणावी आणि जोडीला पर्जन्यमापकात साठलेलं पावसाचं पाणी घ्यावं. अंगाचा साबण किसून पाण्यात विरघळवायचा. सारख्या बाटल्यांत सारखं पाणी घेऊन ड्रॉपरनं हे द्रावण थेंब थेंब टाकायचं, प्रत्येक थेंबानंतर हलवायचं आणि मिनिटभर टिकेल असा फेस यायला किती थेंब लागले ते लिहायचं. पावसाच्या पाण्याला थोडे थेंब पुरतात. बोअरवेलचं पाणी बहुधा कितीतरी जास्त थेंब खातं आणि वर पांढरट साय धरतं. खडकांतून आलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला फेस करू देत नाहीत. आता हाच प्रयोग कपड्यांच्या डिटर्जंटनं करावा. आधीचा फरक जवळपास नाहीसा होतो, जड पाण्यातही फेस येतो. घरी कपड्यांना डिटर्जंट का वापरतात ते मुलांना कळतं, आणि वर्तूर तलावाच्या सांडव्याखाली फेसाचे ढिगारे रस्त्यावर का येत होते, बेळ्ळंदूरच्या तलावाला २०१५ पासून पुन्हा पुन्हा आग का लागली, या प्रश्नांकडे जायची वाटही सापडते. शुद्ध न केलेलं सांडपाणी, त्यातला डिटर्जंट, पोषकद्रव्यांवर पोसलेली जलपर्णी, तळाशी कुजणारा गाळ ही सगळी साखळी एका बाटलीपासून उलगडत नेता येते, आणि त्यासाठी तलावाच्या पाण्याला हात लावायचीही गरज नाही. भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाणथळ संशोधन गटाच्या तलाव परिषदेत शाळकरी मुलांनी आपल्या परिसरातल्या पाण्याची निरीक्षणं मांडलेली आहेत. मुलांच्या नोंदींना गंभीर श्रोता मिळू शकतो, याचा तो पुरावा आहे.

यावर आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. बाटलीनं मोजलेला पाऊस कितपत खरा, हा पहिला. खरा, पण चुकीसह. आणि चूक किती हे शोधणं हाच धडा आहे. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की त्यांच्यात फरक पडतो आणि कुठलंच मोजमाप पूर्ण अचूक नसतं हे मुलांच्या लक्षात येतं. कर्नाटकाच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचे स्वयंचलित पर्जन्यमापक राज्यात ग्रामपंचायतींपर्यंत आणि बेंगळुरूच्या वेगवेगळ्या भागांत बसवलेले आहेत. जवळच्या केंद्राचा आकडा आणि आपला आकडा महिनाभर ताडून पाहिला, तर आपली बाटली सातत्यानं कमी दाखवते की जास्त, हे कळतं. महागड्या डिजिटल यंत्राच्या पडद्यावर आकडा आपोआप उमटतो तेव्हा ही शंका मुलाच्या मनात येतच नाही.

वेळ कुठून आणायचा, हा दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि त्यांच्या पाठीवरचं ओझं पाहिलं तर तो रास्त आहे. जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात दोन इयत्ता एका वर्गात. म्हणून परिसर विज्ञानाला ‘प्रकल्प सप्ताह’ देऊ नये, रोजची पाच मिनिटं द्यावीत. परिपाठात सुविचार आणि दिनविशेष वाचतात, तिथेच आजचा पाऊस आणि आजचं तापमान वाचावं. नोंद मुलांनी घ्यावी, पाळी लावावी. आलेख गणिताच्या तासाला काढावा, निरीक्षणाचा उतारा भाषेच्या तासाला लिहावा. वेगळा तास लागणार नाही. लागेल ती मुख्याध्यापकांची संमती आणि केंद्रप्रमुखांचा पाठिंबा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्यांतला एक दिवस शाळेजवळच्या तलावासाठी, एक कचऱ्याच्या वर्गीकरण केंद्रासाठी आणि एक जुन्या विहिरीसाठी ठेवता येईल. साठ मुलांना घेऊन बाहेर जाणं जोखमीचं आहे, हेही मान्य. सांडपाण्यात उतरायचं नाही, कठडा नसलेल्या विहिरीजवळ जायचं नाही, पाऱ्याचा थर्मामीटर मुलांच्या हाती द्यायचा नाही, हे नियम ठरलेले असावेत. वर सांगितलेलं बहुतेक काम शाळेच्या कुंपणाच्या आतच होतं.

सर्वांत गंभीर आक्षेप न्यायाचा आहे. श्रीमंत शाळेत सेन्सर आणि सूक्ष्मदर्शक, गरीब शाळेत बाटली आणि दोरी. आणि वर त्याचंच कौतुक. म्हणजे गरिबांच्या मुलांना कायम टाकाऊतूनच शिकवायचं का? हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूनं मी उभा आहे. बाटली पर्जन्यमापकाची जागा घेऊ शकते, पण भिंग, थर्मामीटर, तराजू, मोजपात्र या वस्तू टाकाऊतून होत नाहीत आणि त्या शासनानं विकत घेऊन दिल्याच पाहिजेत. एका वर्गासाठी त्या काही हजारांत येतात. मनू प्रकाश यांच्या गटानं तयार केलेला कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, स्वस्त आहे आणि तरी खरा सूक्ष्मदर्शक आहे. तलावाच्या थेंबातले जीव त्यातून दिसतात. स्वस्त साधन आणि निकृष्ट साधन यांत एवढा फरक करावा लागेल. आणि शिक्षकाची रिक्त जागा, बंद पडलेलं स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याचा कोरडा नळ यांची भरपाई कुठल्याही कल्पक प्रयोगानं होत नाही. कल्पकतेच्या नावाखाली खर्च टाळणाऱ्या प्रशासनाला या लेखाचा आधार मिळू नये, अशी माझी इच्छा आहे. फिरत्या प्रयोगशाळांबद्दलही एक म्हणावंसं वाटतं. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या बेंगळुरूच्या अगस्त्य फाउंडेशननं हा मार्ग मोठ्या प्रमाणावर उघडला. विज्ञानाची गाडी गावात येते तेव्हा मुलांच्या डोळ्यांत जी चमक येते ती मोलाची आहे. पण परिसर विज्ञानाला सलग नोंद लागते. गाडी निघून गेल्यावरही ही नोंद चालू राहायला हवी, म्हणजे ती त्याच शाळेच्या शिक्षकाच्या हातात असायला हवी.

शिक्षकाला उत्तर येत नसेल तर काय, ही भीती उघड बोलली जात नाही, पण ती खोल आहे. आपल्या व्यवस्थेत गुरुजींनी अडणं म्हणजे कमीपणा. पण कालचा पाऊस किती, हे बाईंनाही बाटली पाहिल्याशिवाय माहीत नसतं, आणि या विषयात शिक्षक आणि मूल खरोखरच एका बाजूला उभे असतात. बेंगळुरूसारख्या शहरातल्या सरकारी शाळेत याचा एक वेगळाही फायदा आहे. तिथे एका बाकावर कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं बसतात. कुणी कलबुर्गीकडून आलेल्या बांधकाम मजुरांची, कुणी बिहार-ओडिशातून आलेल्या कुटुंबांची. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत मागे पडणारं मूल बाटलीवरची रेघ वाचण्यात मागे पडत नाही. गावाकडे विहीर पाहिलेल्या मुलाला तर पाण्याच्या पातळीबद्दल शहरातल्या मुलांपेक्षा जास्तच माहीत असतं, आणि वर्गात पहिल्यांदा त्याचं ऐकून घेतलं जातं.

कर्नाटकात प्रत्येक सरकारी शाळेला पालकांची विकास व देखरेख समिती आहे, महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समिती आहे. वाचकांपैकी जे अशा समितीवर असतील, किंवा ज्यांची मुलं अशा शाळेत जात असतील, त्यांनी पुढच्या बैठकीत फार मागू नये. वर्गाला दोन थर्मामीटर आणि दहा भिंगं, परिपाठात पाच मिनिटं, आणि वर्ष संपलं तरी रद्दीत न जाणारी, पुढच्या वर्गाकडे सोपवली जाणारी एक जाड वही, एवढं मागावं. प्रगतिपुस्तकात परिसर अभ्यासाचे काही गुण या वहीवर ठेवायला सांगावं. मृगाच्या आधी हे ठरलं, तर या वर्षीचा पहिला पाऊस त्या वहीत लिहिला जाईल.